न तपासलेले साक्षीदार

देवळाच्या उत्सवात नाटक उभे करण्याची जबाबदारी ज्यांनी एकदा तरी अंगावर घेतली आहे, त्यांना पुढील अनुभव सांगावयास नको. नाटक रंगले, मंडपातले प्रेक्षक पहाटेपर्यंत हलले नाहीत, की दुसऱ्या दिवशीची हिशेबाची बैठक हटकून लांबते. पडद्यांचे भाडे एवढे कसे झाले, पेटीवाल्याची बिदागी कोणी ठरविली, उरलेली रक्कम दीपस्तंभाच्या डागडुजीला द्यावी की पुढच्या वर्षासाठी राखून ठेवावी, ह्या प्रश्नांवर एरवी मवाळ असलेली माणसेही आवाज चढवितात. पण नाटक पडले तर? मग कोणी काही विचारीत नाही. ज्यांनी वर्गणी दिली ते खाली मान घालून घरी जातात, खजिनदाराची वही त्याच्या काखेतच राहते, आणि पुढच्या उत्सवापर्यंत तो विषय निघत नाही. पडलेल्या माणसाकडे पैशाचा हिशेब मागणे आपल्याला असभ्यपणाचे वाटते.

ह्या सौजन्याला एक फट असते आणि त्या फटीतून एखादा भामटा आत शिरू शकतो, ही कल्पना अमेरिकन विनोदकार मेल ब्रुक्स ह्याला सुचली, आणि तिच्यावर त्याने १९६७ साली ‘द प्रोड्यूसर्स’ हा आपला पहिला चित्रपट रचला. चित्रपटाची कीर्ती झाली ती हिटलरच्या थट्टेमुळे. त्याच्यावर जे वादविवाद झाले तेही बहुतेक त्याच एका मुद्द्यावर. मला मात्र हा चित्रपट जितक्या वेळा पाहिला तितक्या वेळा वाटत आले आहे, की ह्या वादात मुद्देच चुकीचे काढले गेले. हिटलरच्या बाबतीत ब्रुक्सचा पक्ष भक्कम आहे. त्याचा अडचणीचा खटला निराळाच आहे, आणि त्यातल्या साक्षीदारांना कोणी समन्सच काढलेले नाही.

प्रथम कथानक. मॅक्स बियालिस्टॉक हा एके काळचा ब्रॉडवेचा बडा नाट्यनिर्माता आता एका कळकट कचेरीत दिवस कंठीत आहे. त्याचे भांडवलदार म्हणजे न्यूयॉर्कमधल्या श्रीमंत, एकाकी वृद्ध स्त्रिया. त्यांच्या तसबिरी त्याने एका कपाटात रचून ठेविल्या आहेत. जी भेटीस यावयाची तिची तसबीर तेवढी बाहेर येते. तो त्यांच्याशी लाडीगोडी करतो, प्रेमाचे खेळ खेळतो, आणि निरोप घेताना चेक मागून घेतो. नव्या नाटकाचे नाव काय, असे विचारल्यास ‘रोख’ असे सांगतो, म्हणजे चेकवर तेच नाव पडते. अशा ह्या माणसाच्या वह्या तपासण्यास लिओ ब्लूम नावाचा एक बुजरा हिशेबनीस येतो. ह्या प्रौढ गृहस्थाच्या खिशात लहानपणच्या निळ्या दुलईचा तुकडा असतो, आणि जीव घाबरला की तो त्याला गालाशी धरावा लागतो. मागच्या पडलेल्या नाटकासाठी जमविलेल्या पैशांत आणि झालेल्या खर्चात २,००० डॉलरांची तफावत त्याला आढळते. ती झाकता झाकता तो सहज, निव्वळ शास्त्रीय कुतूहलाने, बोलून जातो, की यशस्वी नाटकापेक्षा पडलेल्या नाटकात निर्मात्याला अधिक पैसा मिळू शकेल. मॅक्सचे डोळे विस्फारतात. पुढचा सारा चित्रपट त्या एका वाक्याचा विस्तार आहे.

योजना अशी. खर्चाला लागतात त्याहून कितीतरी अधिक पैसे जमवावयाचे, म्हणजेच नाटकाच्या नफ्याचे भाग शंभर टक्क्यांच्या पलीकडे विकावयाचे. मग जगातले सर्वांत वाईट नाटक शोधावयाचे, ते सर्वांत वाईट दिग्दर्शकाकडून व नटाकडून करवून घ्यावयाचे, म्हणजे पहिल्या रात्रीच ते बंद पडेल. नफा नाही म्हणून कोणाला देणे नाही, आणि देणे नाही म्हणून हिशेब नाही. उरलेली रक्कम घेऊन दोघे ब्राझीलला जाणार. ह्याप्रमाणे त्यांनी नाटकाचे २५,००० टक्के विकले. वाचकांनी क्षणभर थांबून ह्या संख्येची गंमत अनुभवावी. नफ्याचा एक रुपया झाला तर अडीचशे रुपये वाटावे लागतील. हजार झाले तर अडीच लाख. जगात असा दुसरा धंदा नसेल की ज्यात प्रत्येक टाळी ही मालकाच्या गळ्याभोवतीचा फास आणखी एक वेढा आवळते.

वकिलाच्या डोळ्यांना ह्यात आणखी एक गोष्ट दिसते. सर्वसामान्य समजूत अशी की पैसे बुडाले म्हणजे फसवणूक झाली. भारतीय दंडसंहितेच्या ४१५ व्या कलमातली व्याख्या तशी नव्हती, आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३१८ व्या कलमातलीही तशी नाही. (४२० हा आकडा त्या दिवशी पुस्तकातून गेला, लोकांच्या तोंडून जावयास बराच काळ लागेल.) खोटे सांगून, लबाडीच्या हेतूने, दुसऱ्याकडून मालमत्ता काढून घेतली की गुन्हा पुरा झाला, पुढे नाटक चालले काय आणि पडले काय. अमेरिकेचा कायदा निराळा असला तरी फसवणुकीची घटकद्रव्ये देशोदेशी फारशी बदलत नाहीत. म्हणजे मॅक्सने शंभर टक्क्यांवरचा पहिला भाग विकला त्याच क्षणी तो गुन्हेगार झाला. नाटकाच्या यशाने गुन्हा घडत नाही, फक्त त्याचा पंचनामा होतो. एरवीच्या कथांत लबाडी अपयशाने उघडी पडते. येथे ती यशाने उघडी पडते. ह्या एका उलट्या टाक्यावर ब्रुक्सने आपले सारे वस्त्र विणले आहे, आणि तो टाका कोठेही उसवत नाही. १९६८ सालच्या उत्कृष्ट स्वतंत्र पटकथेचे ऑस्कर पारितोषिक ह्या चित्रपटाला मिळाले, तेव्हा प्रतिस्पर्ध्यांत स्टॅन्ली कुब्रिक आणि आर्थर क्लार्क ह्यांची ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ होती. त्या निवडीवर आजही काही रसिक नाक मुरडतात. मी त्यांच्यात नाही.

दोन्ही प्रमुख नटांविषयी थोडक्यात लिहिणे अन्यायाचे होईल. मॅक्सची भूमिका करणारा झीरो मॉस्टेल हा अवाढव्य देहाचा नट. टकलावर आडवे ओढलेले चार केस, कपाळावर घाम, आणि एवढे शरीर असूनही नाचणाऱ्याची पावले. १९५० नंतरच्या दशकात कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून अमेरिकेत कलावंतांची नावे काळ्या यादीत घातली गेली, त्यांत हा होता. १९५५ साली त्याला चौकशी समितीपुढे उभे राहावे लागले, आणि कित्येक वर्षे पडद्यावर त्याला काम मिळाले नाही. धंद्यातून उठविलेल्या माणसाची भूक म्हणजे काय हे त्याला कोणी शिकवावयाचे नव्हते. म्हणूनच त्याचा मॅक्स लबाड असूनही पोकळ वाटत नाही. खिडकीतून खाली पाहताना दुसऱ्याच्या ऐश्वर्याने त्याच्या पोटात जी आग पेटते ती नटाची स्वतःची आहे असे वाटते. त्याच्यासमोर जीन वाइल्डरचा लिओ: बारीक आवाजाचा, निळ्या डोळ्यांचा, घाबरून किंचाळणारा. लिंकन सेंटरच्या कारंज्यापाशी तो अखेर ‘हो’ म्हणतो आणि मागे पाण्याचे फवारे आकाशात चढतात, तो प्रसंग मी अनेकदा पाहिला आहे. माणूस चोर व्हावयास निघाला आहे आणि आपल्याला मात्र तो बंदिवासातून सुटल्यासारखा आनंद होतो! विनोदाची खरी करामत अशा ठिकाणी असते, आणि खरा धोकाही.

बाकीच्या पात्रांपैकी दिग्दर्शक आणि त्याचा सहायक ह्यांचे बायकी चाळे, आणि कचेरीत ठेविलेली नाचरी स्वीडिश तरुणी, हा भाग आता शिळा झाला आहे. त्या काळीही तो फार ताजा नसावा.

ह्या चित्रपटाला लागलेला पैसा कोणाचा होता हे पाहण्यासारखे आहे. निर्माता सिडनी ग्लेझियर ह्याला भांडवलात जोडीदार मिळाला तो जोसेफ लेव्हीन, एम्बसी पिक्चर्स ह्या स्वतंत्र वितरणसंस्थेचा मालक. लेव्हीन हा बॉस्टनच्या एका गरीब शिंप्याचा मुलगा. परदेशी चित्रपट स्वस्तात घ्यावयाचे आणि त्यांचा डंका पिटून ते खपवावयाचे, ह्या विद्येत त्याचा हातखंडा होता. १९५६ साली जपानी ‘गॉडझिला’ अमेरिकेत आणणाऱ्यांत तो होता. १९५९ साली ‘हर्क्युलिस’ हा एक सामान्य इटालियन चित्रपट त्याने आणला, खरेदीच्या कितीतरी पट रक्कम जाहिरातींवर उधळली, आणि लोक काय बोलतात ते गावोगाव पोहोचण्याच्या आत तो एकाच वेळी शेकडो चित्रपटगृहांत लावून पैसा गोळा केला. त्याच माणसाने सोफिया लॉरेनचा ‘टू विमेन’ अमेरिकेत दाखविला, फेलिनीचा ‘साडेआठ’ही दाखविला. अशी माणसे एका शब्दात सांगता येत नाहीत. लेव्हीन भामटा नव्हता. परंतु खराब मालातून सोने कसे काढतात हे पडद्यावरच्या मॅक्सपेक्षा त्याला अधिक ठाऊक होते. चित्रपटाचे मूळ नाव ‘स्प्रिंगटाइम फॉर हिटलर’, म्हणजे ‘हिटलरचा वसंत’, असे होते. ते नाव कोणताही थिएटरवाला आपल्या दारावर लावणार नाही हे ओळखून ते बदलावयास लावणारा हाच. पुढे १९६७ च्या नोव्हेंबरात पिट्सबर्ग येथे चित्रपट लागला तो थंड गेला. पीटर सेलर्स ह्या विख्यात विनोदी नटाने तो खाजगी खेळात पाहिला आणि ‘व्हरायटी’ ह्या धंद्याच्या पत्रात जाहीर प्रशस्ती छापून आणली, तेव्हा कुठे १९६८ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कला त्याचे नशीब फिरले. पडावयाचे नाटक अवचित उभे राहिले ह्या गोष्टीवरचा चित्रपट स्वतःच पडता पडता उभा राहिला.

आता हिटलरचा मुद्दा. मॅक्स आणि लिओ शोधून काढतात ते नाटक फ्रान्झ लीबकिंड ह्या वेडसर माजी नाझीने लिहिलेले असते. हा मनुष्य न्यूयॉर्कच्या एका गच्चीवर कबुतरे पाळतो, डोक्यावर जर्मन शिरस्त्राण घालतो, आणि आपल्या लाडक्या नेत्याची बदनामी पुसून काढावी ह्या भक्तिभावाने नाटक लिहितो. पहिल्या रात्री पडदा उघडतो. नाझी गणवेशातले नर्तक, स्वस्तिकाच्या आकारात फिरणारी नर्तकांची रांग, भपकेबाज संगीत. (ह्या चिन्हाचे आपल्या देवळांच्या उंबरठ्यावरचे स्थान आणि तिकडचे त्याचे दुर्दैव ह्यांविषयी बोलण्याचे हे स्थळ नव्हे.) प्रेक्षागृहातल्या माणसांच्या चेहऱ्यांवर कॅमेरा फिरतो: तोंडे उघडी, डोळे स्थिर, एकही पापणी हलत नाही. काही लोक उठून निघतात. मॅक्स आणि लिओ आनंदाने समोरच्या मद्यगृहात जातात. इकडे हिटलरच्या भूमिकेतला गांजेकस पोरगा रंगमंचावर येतो आणि लोकांना वाटते, ही तर थट्टा आहे! निघालेले लोक परत बसतात, हसू फुटते, नाटक डोक्यावर घेतले जाते.

कित्येक सहृदय माणसांनी विचारले, की ज्या राजवटीने साठ लाख ज्यू मारले तिच्यावर नाचगाणे कसे रचता येते? प्रश्न खोटा नाही. पण विचारणाऱ्यांनी ब्रुक्स कोण हे लक्षात घ्यावे. तो ब्रुकलिनच्या ज्यू घरातला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याच्या अभियांत्रिकी दलात युरोपात जाऊन आलेला. आणि त्याहून महत्त्वाचे, त्यांनी चित्रपटातच पाहावे, की ह्या नाटकाने नेमके कोणाचे मन दुखावले. सभागृहातल्या एकाही माणसाचे अखेरीस दुखावत नाही. दुखावतो तो एकटा फ्रान्झ. आपला देव विदूषक झालेला पाहून तो पिस्तूल घेऊन ह्या दोघांच्या अंगावर धावून येतो. थट्टेचा बाण कोणाला लागला हे ओरडतो कोण ह्यावरून समजते, आणि येथे ओरडणारा नाझी आहे. २००९ साली ह्याच कथेचे संगीतक बर्लिनमधल्या आडमिरालपालास्ट ह्या नाट्यगृहात, जेथे हिटलर स्वतः प्रेक्षक म्हणून बसत असे, तेथे झाले. त्या इमारतीत ते हसू उमटू शकले, ह्यापुढे ब्रुक्सच्या वतीने मला अधिक युक्तिवाद करावासा वाटत नाही.

म्हणून मी दुसऱ्या खटल्याकडे वळतो. त्या वृद्ध स्त्रियांचे काय?

त्यांना नावे नाहीत. एस्टेल विनवुड ह्या जुन्याजाणत्या नटीने केलेली पहिल्या प्रसंगातली म्हातारी लक्षात राहते, पण तीही तिच्या लाडिक हाकेवरून, नावावरून नव्हे. पुढे भांडवल जमविण्याच्या भागात अशा कितीतरी जणी भराभर येऊन जातात. मॅक्स त्यांच्या मांडीवर डोके ठेवतो, त्यांच्यामागे धावतो, दमतो, तोंड फिरवून वैताग दाखवितो, आणि आपण हसतो. हसू कशाला येते? सत्तर वर्षांच्या बाईला अजून कोणी हात धरावासा वाटतो, ह्या गोष्टीला. फसविणाऱ्याच्या कारस्थानाला आपण हसत नाही, फसलेलीच्या इच्छेला हसतो. हिटलरला हसणे हे बलवानाला हसणे होते. हे हसणे त्या जातीचे नाही.

येथे आचार्य अत्र्यांच्या ‘तो मी नव्हेच’ची आठवण झाल्यावाचून राहत नाही. १९६२ सालचे हे नाटक. नायक निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे, म्हणजे आमच्या सीमाभागातलाच. प्रभाकर पणशीकरांनी एका भामट्याची पाच सोंगे फिरत्या रंगमंचावर अशी वठविली, की लोक फिर्यादीपेक्षा आरोपीला टाळ्या देत. अत्र्यांच्या नाटकालाही हा दोष चिकटतो, हे मान्य केले पाहिजे. लखोबा उलटतपासणीत साक्षीदाराला कोंडीत पकडतो तेव्हा प्रेक्षागृह त्याच्या बाजूला झुकते. परंतु अत्र्यांनी एक गोष्ट केली. फसलेल्या स्त्रियांना त्यांनी साक्षीच्या पिंजऱ्यात आणले. त्या येतात, शपथ घेतात, आपले काय गेले ते स्वतःच्या तोंडाने सांगतात. प्रेक्षक हसतो, आणि हसता हसता त्याला त्यांच्या तोंडाकडे पाहावे लागते. राज कपूरच्या ‘श्री ४२०’मध्ये (१९५५) तेच. शंभर रुपयांत घर देण्याच्या भूलथापेला बळी पडणारी फूटपाथवरची माणसे आपण आधीच ओळखत असतो. ललिता पवारांनी केलेली केळी विकणारी गंगामाई त्याच दुनियेतली आहे. तिचा चेहरा एकदा पाहिल्यावर त्या योजनेकडे नुसती युक्ती म्हणून पाहता येत नाही.

ब्रुक्सच्या चित्रपटातही खटला आहे. पण त्याचा शेवटचा तेवढा तुकडा आपल्यापुढे येतो: ज्यूरीचा निर्णय, आणि शिक्षेपूर्वी लिओने केलेले निवेदन. साक्षी झाल्या असतील तर आपल्या पाठीमागे झाल्या. आणि लिओचे ते निवेदन! त्यात तो मॅक्सची बाजू मांडतो. आपल्याला ह्या माणसाने प्रथमच मित्र म्हणून वागविले असे सांगतो, आणि त्या स्त्रियांविषयी म्हणतो, की मॅक्सने त्यांना पुन्हा तरुण झाल्यासारखे, कोणाला तरी हव्या असल्यासारखे वाटू दिले. वाइल्डरने हे भाषण इतक्या निर्मळपणे म्हटले आहे की डोळे ओलावतात. मी प्रथम ते ऐकले तेव्हा माझ्यातला वकील चिडला. पैसे घेऊन झाल्यावर ‘बदल्यात आनंद दिला’ असे म्हणणारा आरोपी मी पाहिला नाही असे नाही, आणि हा बचाव कोर्टात टिकत नाही हेही मला ठाऊक होते. हा भावुकपणाचा पूर आहे, एवढे म्हणून मी तो प्रसंग बाजूला टाकला होता.

पुढे एका पक्षकारिणीमुळे मला त्याचा पुन्हा विचार करावा लागला. हकीकत समजण्यासाठी चित्रपटांच्या धंद्यातली एक व्यवस्था सांगितली पाहिजे. आपल्याकडे चित्रपटाचे हक्क देशाचे भाग पाडून विकतात, त्यांस ‘टेरिटरी’ म्हणतात. गोवा आणि बेळगाव-धारवाडचा पट्टा ह्या हिशेबात मुंबईच्या टेरिटरीत मोडतो. वितरक कधी हक्क ठरावीक वर्षांसाठी सरसकट विकत घेतो, कधी निर्मात्याला किमान रकमेची हमी देतो, कधी नुसत्या दलालीवर काम करतो. मोठा वितरक लहानास, लहान त्याहून लहानास, असे एकेका तालुक्यापर्यंत पोटहक्क उतरत जातात. प्रत्येक पायरीवर आधी जाहिरातीचा खर्च वजा होतो, मग दलाली वजा होते. पायथ्याशी उभ्या असलेल्या माणसाला वर काय घडले ते कधीच दिसत नाही. त्याला एकच वाक्य ऐकू येते, की चित्रपट पडला. मॅक्स बियालिस्टॉकला ब्रॉडवेवर जी सोय स्वतः निर्माण करावी लागली, ती येथे आयती असते.

काही वर्षांपूर्वी अशाच एका गृहस्थाने आमच्या बाजूच्या गावांतून एका मराठी चित्रपटाच्या गोव्यातील वितरणाचे ‘भाग’ विकले. छापील पावत्या, शिक्का, सारे व्यवस्थित. किती जणांना विकले हे कधी समजलेच नाही, कारण तक्रार कोणी केली नाही. चित्रपट पडला, असे ज्याने त्याने धरून चालले. तो पडावयाचा तर आधी लागावयास हवा होता, हे कोणाच्या लक्षात आले नाही. ज्या बाई माझ्याकडे आल्या त्या देवळाच्या वाड्यालगत एकट्या राहत असत. पती निवर्तलेले, मुले परगावी. पावती १५,००० रुपयांची होती. मी तारीख पाहिली. दिवाणी दाव्याची तीन वर्षांची मुदत उलटून गेली होती. फसवणूक उघड झाल्या दिवसापासून मुदत मोजता येते, असे काही मी त्यांना समजावून सांगू लागलो, फौजदारी तक्रारीचीही वाट दाखविली. त्या शांतपणे ऐकत होत्या, पण त्यांचे लक्ष तिकडे नव्हते. तो मनुष्य म्हणे दर सोमवारी पालखीनंतर त्यांच्या ओसरीवर येऊन बसे, चहा घेई, आणि त्यांचे पती तरुणपणी उत्सवाच्या नाटकांतून कोणकोणत्या भूमिका करीत ते खोदून खोदून विचारी. पतीच्या पोशाखांची पेटी त्यांनी वीस वर्षांत कोणासाठी उघडली नव्हती, ती त्याच्यासाठी उघडली. माझे कायद्याचे बोलणे संपल्यावर त्यांनी एवढेच विचारले, “वकीलबाब, तो परतून येतलो मूं?”

लिओ ब्लूमचे भाषण खरे होते, हे मला त्या दिवशी कळले. त्या स्त्रियांना आनंद झाला असलाच पाहिजे. माझी चूक अशी, की ते खरे असल्यास गुन्हा हलका होईल ह्या भीतीने मी ते खोटे मानीत होतो. वस्तुस्थिती उलट आहे. पावतीवरचे पंधरा हजार हा त्या व्यवहाराचा लहान भाग होता. एकाकी माणसाला सोमवारची संध्याकाळ म्हणजे काय ह्याची किंमत त्या गृहस्थाने अचूक ओळखली, ती वस्तू त्यांना दिली, सवय लावली, आणि मग काढून नेली. ह्या दुसऱ्या नुकसानीला दंडसंहितेत कलम नाही, आणि ज्याचे झाले तो तक्रार करीत नाही, कारण त्याला अजून तो माणूस परत यावयास हवा असतो. मॅक्सच्या कपाटातल्या एकेका तसबिरीमागे अशी एकेक ओसरी आहे. ब्रुक्सला हे दिसले होते. दिसले नसते तर ते भाषण त्याला लिहिताच आले नसते. पण ते त्याने लिओच्या तोंडी दिले, आरोपीचा बचाव म्हणून. एखाद्या म्हातारीच्या तोंडी तेच शब्द, बचाव म्हणून नव्हे तर साक्ष म्हणून, आले असते तर सभागृहातले हसू क्षणभर अडखळले असते, आणि माझ्या मते चित्रपट त्यामुळे थोर झाला असता. आज तो अत्यंत उत्कृष्ट आहे. थोर म्हणावयास माझी जीभ अडते ती एवढ्याच कारणाने.

ब्रुक्सच्या बाजूने एक गोष्ट नोंदविणे मात्र न्यायाचे होईल. भाषण संपते, मॅक्सही आपण धडा शिकलो असे न्यायाधीशाला सांगतो, आणि पुढचेच दृश्य तुरुंगातले आहे. तेथे दोघे कैद्यांकडून नवे संगीतक बसवून घेत आहेत, मॅक्स तालीम घेत आहे, आणि लिओ कैद्यांना व खुद्द तुरुंगाच्या अधिकाऱ्याला नफ्याचे भाग विकीत आहे, पुन्हा शंभर टक्क्यांच्या पलीकडे. दिग्दर्शकाने आपल्याच पात्राच्या त्या सुंदर भाषणावर दिलेला हा निकाल आहे. त्याने आपल्याला रडविले आणि लगेच डोळे पुसावयास लावले. गोड बोलण्याने फसू नका, असे तो सांगत नाही. आपण नुकतेच फसलो आहोत, एवढेच दाखवितो. मात्र ह्या वेळी गिऱ्हाइके कैदी आणि जेलर आहेत, म्हणजे स्वतःची काळजी घेऊ शकणारी माणसे. म्हाताऱ्या शेवटच्या दृश्यात नाहीत.

पुढे ह्या कथेचे मोठे वैभव झाले. २००१ साली ब्रॉडवेवर तिचे संगीतक आले आणि त्याला १२ टोनी पारितोषिके मिळाली. त्याच वर्षी खास आसनांची तिकिटे ४८० डॉलरांना विकण्याचा पायंडा ह्याच प्रयोगाने पाडला. मॅक्सला तो मार्ग सुचला असता तर २५,००० टक्क्यांची यातायात त्याला करावी लागली नसती! २००५ साली संगीतकाचा पुन्हा चित्रपट झाला. तो पाहिला नाही तरी चालेल. सारे काही तेच आहे, फक्त मॉस्टेलची भूक नाही आणि वाइल्डरची भीती नाही.

बाईंनी पुढे तक्रार केली नाही. पावतीची प्रत ठेवून घेऊ का, असे मी विचारले, तेव्हा त्या ‘नको’ म्हणाल्या. मूळ कागद घडी करून पिशवीत ठेविला आणि पालखीची वेळ झाली म्हणून उठल्या. त्या दिवशी सोमवार होता.